कडी, कुलूप आणि पासष्ट हजार दारं

पासवर्डला आपल्याकडे 'परवलीचा शब्द' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. रात्रीची छावणी, पहारेकऱ्याचं "कोण आहे?" असं दरडावणं आणि येणाऱ्याने त्या रात्रीपुरता ठरलेला शब्द हळूच सांगणं, हे सगळं चित्र त्यात येतं. गंमत अशी की संगणकाच्या जगात हा शब्द शिरला तो शत्रूला अडवायला नव्हे. तो आला भावाभावांतल्या वाटण्या सांभाळायला.

१९६१ साल. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या मंडळींनी 'सीटीएसएस' नावाची प्रणाली उभी केली. तोवर संगणक म्हणजे एका वेळी एकाच माणसाचं काम करणारं धूड. कार्डांचा गठ्ठा द्या, उद्या या, उत्तर घेऊन जा. सीटीएसएसमुळे अनेकांना आपापल्या टंकयंत्रासारख्या खोक्यासमोर बसून एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करता येऊ लागलं. यंत्र एक, वापरणारे अनेक, म्हणजे आपलं एकत्र कुटुंबच की! मग माझ्या फायली कुठल्या, तुझ्या कुठल्या आणि आठवड्यात कुणी किती वेळ यंत्र अडवायचं, हे प्रश्न आलेच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द. लाडवांच्या डब्याला कुलूप लावावं, इतपतच त्याची योग्यता.

आणि डब्याचं कुलूप घरातल्याच पोराने उघडावं तसं ते लवकरच उघडलं गेलं. ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. १९६२ मध्ये त्याने काय करावं? कार्ड भोकं पाडून यंत्राला सांगितलं की अमुक फाईल छापून ठेव. ती फाईल होती सगळ्यांच्या पासवर्डांची! यंत्राने इमानेइतबारे छापून ठेवली, हा जाऊन कागद घेऊन आला. पंचवीसेक वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगून टाकलं. पुढे १९६६ मध्ये त्याच प्रणालीवर आणखी एक प्रकार झाला. एक जण सकाळी सगळ्यांना दिसणारा स्वागताचा मजकूर दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. संपादनाचा प्रोग्राम दोघांसाठीही तात्पुरती फाईल एकाच नावाने बनवायचा. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि मग जो कुणी यंत्रावर येईल त्याला स्वागताऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. कुणी चोरी केली नाही, कुणी घुसखोरी केली नाही. यंत्राने आपणहून दवंडी पिटली!

यातून निघालेला शहाणपणा असा की पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवायचाच नाही. त्याची कुटून चटणी करायची आणि चटणी ठेवायची. चटणीतून कोथिंबिरीची जुडी परत मिळत नाही. माणूस आला, त्याने शब्द सांगितला, की त्याची पुन्हा चटणी करायची आणि जुनीशी चव जुळते का पाहायचं. बेल लॅब्समध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी ही पद्धत चांगली घोटवली. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चटणी एकसारखी दिसू नये म्हणून प्रत्येकात वेगळं चिमूटभर 'मीठ' टाकायचं, आणि तंत्रज्ञानाच्या भाषेतही त्याला मीठच म्हणतात बरं का. युनिक्सचं मीठ ४,०९६ प्रकारचं होतं.

१९७९ मध्ये या दोघांनी एक निबंध लिहिला. तांत्रिक लेखनात इतकं वाचनीय क्वचितच काही असतं. त्यांनी ३,२८९ खरेखुरे पासवर्ड गोळा करून पाहिले. १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा होता. ७२ जणांचा दोन अक्षरांचा. ४६४ जणांचा तीन. शब्दकोशात सरळ सापडणारे, नावांच्या यादीत सापडणारे वगैरे सगळे धरून २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज ओळखता येण्यासारखे निघाले. चटणी उत्तम, मीठ बेताचं, आणि मुळात भाजीच सडकी!

हे झालं कुलपाचं. आता दारांकडे वळू.

जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला पत्ता असतो हे आपण जाणतो. पण एका पत्त्यावर अनेक कामं चालतात. टपाल घेणारा वेगळा, फायली देणारा वेगळा, दुरून यंत्र चालवू देणारा वेगळा. म्हणून पत्त्याच्या पुढे दाराचा क्रमांक लिहायचा. त्याला पोर्ट म्हणतात. क्रमांकाला सोळा बिट दिले, म्हणून तो ६५,५३५ पर्यंत जातो. इतकी दारं असलेला वाडा पेशव्यांनीही बांधला नसता. पण दार असणं म्हणजे दार उघडं असणं नव्हे. त्याच्यामागे एखादा प्रोग्राम कान देऊन बसला असेल तरच ते उघडं. कुणीच बसलेलं नसेल तर ती नुसती भिंत. आपल्या यंत्रात कोण कोण असं कान देऊन बसलंय हे घरमालकाला माहीत नसणं, हीच या गोष्टीची खरी गोम आहे.

कुठल्या कामाला कुठला क्रमांक, याची वही अनेक वर्षं जॉन पोस्टेल नावाच्या दाढीवाल्या गृहस्थांकडे असे. (१९९८ मध्ये ते गेले.) त्यात २१ म्हणजे फायलींची ने-आण, २५ म्हणजे टपाल आणि २३ म्हणजे टेलनेट, दुरून दुसऱ्याच्या यंत्रावर बसण्याची सोय. टेलनेट अगदी भोळं. पासवर्ड तारेवरून उघडा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. सगळे विद्यापीठातले ओळखीचे लोक, कोण कशाला वाचेल! १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी वाचलेच. तिथे संशोधन करणाऱ्या तातू उलोनेन यांनी मग सगळं संभाषण गुप्त ठेवणारा एसएसएच नावाचा प्रोग्राम लिहिला. फायलींच्या २१ आणि टेलनेटच्या २३ च्या मधला २२ नंबर मोकळा होता. त्यांनी पत्र पाठवून तो मागितला आणि लगेच मिळालाही. आज एका क्रमांकासाठी किती समित्या बसतील कोण जाणे. हा २३ नंबर मात्र लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याआधी एक बापलेकांची गोष्ट. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर एक किडा सुटला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. त्या वेळी अंदाज केला गेला तो सहा हजारांचा, आणि तेव्हाचं सगळं इंटरनेट साठेक हजार यंत्रांचं. किडा टपालाच्या २५ नंबरच्या दारातून जायचा, 'हा माणूस कोण' एवढंच सांगणाऱ्या ७९ नंबरच्या दारातून जायचा, आणि शिवाय पासवर्ड ओळखून बघायचा. आधी माणसाचं नाव, मग तेच उलटं, मग स्वतःजवळची ४३२ शब्दांची यादी. आणि तेवढ्यावर बऱ्याच ठिकाणी काम भागायचं. किडा सोडणारा कॉर्नेलचा विद्यार्थी. नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. म्हणजे त्याच १९७९ च्या निबंधातल्या मॉरिसांचा मुलगा! वडील तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचं काम पाहत होते. वडिलांनी लिहून ठेवलं की लोक असे शब्द निवडतात, मुलाने करून दाखवलं. त्याला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

इथपर्यंतची सगळी यंत्रं विद्यापीठांची, कचेऱ्यांची. तिथे निदान यंत्र सांभाळणारा पगारी माणूस असायचा. घरी कोण असतं?

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना मोडेमची किरकिर आठवत असेल. त्या काळात घरचा संगणक बऱ्यापैकी सुरक्षित होता, आणि त्याचं श्रेय कुठल्याही कुलपाला नाही, फोनच्या बिलाला आहे. जोडायचं, पत्रं उतरवून घ्यायची, तोडायचं. वीस मिनिटं जोडलेल्या यंत्राला दार असलं काय, नसलं काय! पत्ताही दर वेळी नवा.

विंडोज ९५ आणि ९८ चा पासवर्ड आठवतोय का? सुरू होताना नाव-पासवर्ड विचारणारी चौकट यायची. पासवर्ड येत नसेल तर एस्केपची कळ दाबायची, की आत! कित्येक घरांत लोक वर्षानुवर्षं भक्तिभावाने पासवर्ड टंकायचे आणि शेजारचा पोरगा एस्केप दाबून गेम खेळायचा. ते कुलूप नव्हतंच. कुणाची पार्श्वभूमी, कुणाची चिन्हं हे ठरवण्यापुरतं ते होतं. पण दिसायला कुलपासारखं दिसत होतं, हा त्याचा दोष.

याहून वाईट प्रकार होता तो फायली वाटून घेण्याच्या सोयीचा. कचेरीतल्या दोन यंत्रांनी एकमेकांच्या फायली पाहाव्यात म्हणून १३९ नंबरचं दार असे. घरी जेव्हा सतत चालू राहणारं इंटरनेट आलं तेव्हा हे दार गल्लीत उघडलं. आपल्याकडे तर केबलवालाच एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर वायर टाकायचा आणि अख्खी गल्ली एका कचेरीसारखी जोडली जायची. 'नेटवर्क नेबरहुड' उघडलं की खरोखरच शेजार दिसायचा. आमच्याही सोसायटीत असं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या लग्नाचे फोटो आणि कुणाच्या तरी आयकर विवरणाच्या फायली सगळ्या इमारतीला खुल्या. त्यांना सांगायला गेलं तर ते म्हणायचे, आम्ही पासवर्ड टाकलाय!

आता या पासवर्डाची मौज ऐका. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५, ९८ आणि एमई यांमधली एक चूक जाहीर केली. शेजारी आला आणि म्हणाला, माझा पासवर्ड एका अक्षराचा आहे, तर आपलं यंत्र फक्त पहिलं अक्षर ताडून पाहायचं! किती अक्षरं तपासायची हे पाहुणाच ठरवणार. म्हणजे तुम्ही लांबलचक अवघड पासवर्ड ठेवा नाहीतर एका अक्षराचा, घुसणाऱ्याचे कष्ट तेवढेच. घरमालकाने सगळं नीट केलं होतं. कडी लावली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. चौकटच पुठ्ठ्याची होती त्याला तो काय करणार?

मला हा सगळा इतिहास वाचताना इथेच राग येतो. कारण याच सुमारास 'मजबूत पासवर्ड ठेवा' असे उपदेश सुरू झाले होते आणि ते आजतागायत थांबलेले नाहीत.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. त्याचं घराणं कचेरीतलं, म्हणून ते येताना कचेरीची दारं घेऊन आलं. १३५, ४४५ वगैरे क्रमांकांवर प्रोग्राम कान देऊन बसलेले. त्यांची गरज घरातल्या काकूंना कधीच पडणार नव्हती. दारांवर पहारा ठेवणारा फायरवॉल एक्सपीत होता, पण झोपलेला. तो जागा करायचा तर कुठल्याशा चौकटीत जाऊन खूण करावी लागे. १६ जुलै २००३ ला मायक्रोसॉफ्टने १३५ नंबरच्या दारातल्या एका चुकीवर ठिगळ दिलं. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा किडा त्याच दारातून जगभर शिरला. कुणी काही उघडलं नव्हतं, कुठल्या पत्रावर टिचकी मारली नव्हती. नुसतं इंटरनेट जोडलं की थोड्या वेळात साठ सेकंदांची उलटी गणती सुरू आणि यंत्र बंद. ठिगळ उतरवून घ्यायचं तर इंटरनेट हवं, इंटरनेट जोडलं की गणती सुरू! पुढच्या वर्षी ४४५ मधून सॅसर आला. तो लिहिणारा जर्मनीतला एक शाळकरी वयाचा मुलगा निघाला.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यात फायरवॉल मुळातच चालू करून दिला. बस्स, एवढंच. या प्रकारच्या किड्यांचा घरगुती यंत्रांवरचा जोर त्यानंतर ओसरला. लोक काही एका रात्रीत हुशार झाले नाहीत. कारखान्यातून निघताना कडी लावून दिली, इतकंच झालं. (कचेऱ्यांचं वेगळं. तिथे ४४५ उघडं ठेवावं लागतं. म्हणून मे २०१७ चा वॉनाक्राय त्याच दारातून आला, आणि तोही ठिगळ निघून दोन महिने झाल्यावर.)

दुसरी मदत झाली ती अपघाताने. इंटरनेटचे पत्ते कमी पडू लागले म्हणून १९९४ मध्ये एक तोडगा निघाला होता. एका बाहेरच्या पत्त्यामागे घरातली अनेक यंत्रं लपवायची. ब्रॉडबँडबरोबर घरोघरी राउटर आले ते हेच करतात. आतून कुणी हाक मारली असेल तरच बाहेरचं उत्तर आत सोडायचं. बाहेरून आगाऊ आलेल्याला तो विचारतो, कुणाकडे? सांगता आलं नाही की परत. सुरक्षेसाठी न नेमलेला हा दरवान सुरक्षेच्या सगळ्यात कामाचा ठरला.

पण दरवानाच्या स्वतःच्या खोलीची किल्ली? ती 'ॲडमिन', आणि शब्दही 'ॲडमिन'. लाखो राउटरांवर हीच जोडी, आणि कित्येकांवर ते जुनं २३ नंबरचं दार उघडं. हे नवीन नव्हतं. १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने बर्कलीच्या प्रयोगशाळेत ७५ सेंटच्या हिशेबाच्या फरकावरून एक घुसखोर शोधून काढला होता, थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत माग काढत. तो घुसखोर मोठमोठ्या यंत्रांत शिरायचा ते 'सिस्टिम' नावाला 'मॅनेजर' हा कारखान्याने दिलेला पासवर्ड टाकून. कारण कुणी बदललेलाच नसायचा. तीस वर्षांनी तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. २०१६ चा मिराई. कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या एवढीच त्याची पुंजी. २३ नंबरचं दार ठोठवायचं, जोड्या लावून पाहायच्या. राउटर, पाळतीचे कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारी खोकी, लाखो उपकरणं त्याने गोळा केली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी डिन या कंपनीवर एकदम हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या जागा अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्याकडे असाच फटका बीएसएनएलच्या ग्राहकांना बसला. कारखान्याचा पासवर्ड न बदललेले मोडेम निकामी झाले. बातम्यांतला आकडा साठ हजारांच्या आसपासचा होता. ग्राहकांना सल्ला मिळाला, पासवर्ड बदला.

बदला म्हणजे कसा? हाही एक इतिहास आहे. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह आणि दर काही महिन्यांनी नवा, हा जो छळ आपण बँकेपासून बिलापर्यंत भोगला, त्याचा उगम बराचसा अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २००३ च्या एका पुस्तिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला पश्चात्ताप होतो. लोक 'एस'च्या जागी डॉलर टाकतात, 'ओ'च्या जागी शून्य टाकतात आणि दर तीन महिन्यांनी शेवटचा आकडा एकाने वाढवतात. चोरालाही हे ठाऊक असतं. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले. लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका.

कारखान्याच्या पासवर्डाबाबत मात्र कायदा यायला बराच काळ जावा लागला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे. पण माळ्यावर नाहीतर देवघराच्या वर धूळ खात लुकलुकणाऱ्या जुन्या खोक्यांना हा कायदा माहीत नाही. (मामा, फोनवर विचारलं होतंत ना, ते हेच. राउटरच्या पोटाला चिकटवलेला कागद बघा. त्यावर नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन' असेल तर या दिवाळीला आलो की बदलू. चांगले चार असंबद्ध शब्द जोडून घ्या आणि खुशाल वहीत लिहून कपाटात ठेवा. रशियातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. आणि गेटवरच्या कॅमेऱ्याने स्वतःसाठी राउटरला 'माझं दार उघडं ठेव' असं सांगितलंय का, तेही पाहू. त्या सोयीला यूपीएनपी म्हणतात, ती बंद केलेली बरी.)

जाता जाता. बीएसडी युनिक्सच्या एका जुन्या आवृत्तीत तेव्हाच्या दिग्गजांच्या पासवर्डांच्या चटण्या तशाच राहून गेल्या होत्या. हौशी लोकांनी त्या फोडून पाहिल्या. शेलवाल्या स्टीफन बोर्न यांचा पासवर्ड होता बोर्न. डेनिस मॅकॅलिस्टर रिची यांचा 'डीमॅक'. ब्रायन कर्निघन यांचा कळफलकावरच्या शेजारशेजारच्या विरामचिन्हांचा. १९७९ चा तो निबंध लिहिणाऱ्या केन थॉम्प्सन यांचा मात्र कुणाला फुटेना. २०१९ मध्ये एकाने आधुनिक ग्राफिक्स कार्ड चारेक दिवस राबवलं तेव्हा तो हाती लागला. बुद्धिबळातली चाल होती, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, आणि शेवटी एक उद्गारचिन्ह.